तीन जहागीरदारांचा मुलूख

आदिलशाही बघायची म्हणजे विजापूरला जायचं, असा आपल्याकडचा रिवाज. गोलघुमट, इब्राहिम रोजा, मलिक-ए-मैदान तोफ एवढं पाहिलं की एका घराण्याचं वैभव डोळ्यांत भरतं. पण हे वैभव कशावर उभं राहिलं आणि कशामुळे कोसळलं, हे उमगायला राजधानीपेक्षा राज्याच्या पश्चिम टोकाचा मुलूख जास्त उपयोगी पडतो. बेळगावपासून हुक्केरी, संकेश्वर करत निपाणीपर्यंतचा हा पट्टा एकीकडे घाटाखालच्या बंदरांना आणि दुसरीकडे देशावरच्या पेठांना जोडलेला. ज्याच्या हाती हा पट्टा, त्याच्या हाती गोव्याचे घोडे, कोकणातला माल आणि घाटवाटांची जकात. म्हणून सुलतान इथे आपला सर्वांत भरवशाचा माणूस नेमत आणि त्याच माणसाला पुढे सर्वांत जास्त भीत. अशा तीन माणसांच्या मागोमाग आम्ही बेळगावहून उत्तरेकडे निघालो.

सुरुवात अर्थातच किल्ल्यापासून. बेळगावचा किल्ला डोंगरावर नाही, शहराच्या पूर्वेला सपाटीवर आहे. सह्याद्रीतले गड पाहायची सवय असलेल्या माणसाला त्याची ताकद चटकन कळत नाही. ती कळते खंदकाच्या काठावर उभं राहिल्यावर. रुंद, खोल खंदक, त्याच्या आतल्या अंगाला दगडी तट आणि बुरूज, आणि जवळच किल्ला तलावाचं पाणी. दरवाजाशी गणपती आणि दुर्गेची मंदिरं आहेत. आत रट्ट घराण्याच्या काळातली, 1204 मध्ये बिचिराजाने बांधलेली कमल बस्ती ही जैन वास्तू आहे. तिच्या मंडपातलं दगडी कमळ छतातून खाली झुकलेलं दिसतं, आणि पाकळ्या इतक्या पातळ कोरल्या आहेत की मान मोडेपर्यंत वर बघत राहावंसं वाटतं. किल्ल्याचा बराचसा भाग आज लष्कराकडे आहे, त्यामुळे हिंडताना विचारून हिंडावं लागतं.

या तटाशी 1473 मध्ये बहमनी सुलतान तिसरा मुहम्मदशाह स्वतः फौज घेऊन आला. दिल्लीच्या तुघलकांशी फारकत घेऊन 1347 मध्ये गुलबर्ग्याला उभी राहिलेली बहमनी सत्ता तेव्हा बिदरहून कारभार करत होती आणि तिच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या विस्ताराला पोचली होती. त्याचं बहुतेक श्रेय महमूद गवान या वजिराचं. इराणातल्या गिलान प्रांतातून व्यापाराच्या निमित्ताने दख्खनेत आलेला हा विद्वान माणूस हळूहळू सल्तनतीचा कणा झाला. त्याने कोकणातले बंडखोर मोडले, खेळणा म्हणजे आपला विशाळगड घेतला आणि 1472 मध्ये गोवा जिंकून बहमनींना समुद्र मिळवून दिला. बिदरचा त्याचा मदरसाही त्याच वर्षाचा. गोवा परत घेण्यासाठी विजयनगरच्या चिथावणीने बेळगावच्या राजाने हालचाल केली, म्हणून ही स्वारी.

इतिहासकार फरिश्ता या वेढ्याचं वर्णन करताना सांगतो की खंदकामुळे मारा पुरा पडेना, तेव्हा गवानने तटाखाली भुयारं खणून त्यांत दारू भरवली. दख्खनेत सुरुंगांचा असा वापर तोवर कोणी पाहिला नव्हता, असं तो म्हणतो. तट फुटला, राजा शरण आला. याच छावणीत सुलतानाच्या आईचा, मखदूमा-ए-जहानचा मृत्यू झाला. मुलगा लहान असताना गवानच्या बरोबरीने राज्य सांभाळलेली ही कर्तबगार बाई. तिचं शव बिदरला नेण्यात आलं आणि बेळगावची जहागीर गवानला मिळाली. तो आमच्या वाटेवरचा पहिला जहागीरदार.

त्याने पुढे केलं ते काम तलवारीच्या कामापेक्षा अवघड होतं. राज्याच्या चार तरफांचे, म्हणजे प्रांतांचे, त्याने आठ भाग केले. एका तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीचे सुलतानाच्या ताब्यात आणले. सरदारांचे पंख कापणारी ही व्यवस्था ज्यांना सोसवली नाही, त्यांनी त्याच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवला आणि त्यावर ओडिशाच्या राजाला लिहिलेलं फितुरीचं पत्र बनवलं. सुलतानाने शहानिशा केली नाही. 5 एप्रिल 1481 रोजी कोंडपल्लीच्या छावणीत गवानचा शिरच्छेद झाला. पुढच्याच वर्षी सुलतानही गेला. त्यानंतर मोठे सरदार दरबारात पाऊल टाकायला कचरू लागले. जिथे गवानसारख्याची गत झाली, तिथे आपलं काय, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या मनात होता. दहा वर्षं उलटायच्या आत विजापूर, अहमदनगर आणि वऱ्हाड वेगळे झाले. बिदरला बरीद घराणं सुलतानाच्या नावाने राज्य करू लागलं. गोवळकोंडा त्यांच्या मागून गेला. गवानच्या हाताखाली वाढलेला यूसुफ आदिलखान विजापूरचा धनी झाला. त्याने 1490 च्या सुमारास स्वतंत्र सत्ता उभी केली, तीच आदिलशाही. एका खोट्या पत्रातून पाच राज्यं जन्माला आली असं म्हणणं फार सोपं होईल. सरदारांची आपसातली तेढ, दख्खनी आणि बाहेरून आलेले आफाकी यांच्यातला वैरभाव आधीपासून होताच. पण ती तेढ आवरून धरणारा माणूस त्या पत्राने नाहीसा केला, एवढं खरं.

किल्ल्यातून दुसऱ्या जहागीरदाराकडे जायला फार चालावं लागत नाही. आतल्या साफा मशिदीवर फारसी शिलालेख आहे आणि ती 1519 मध्ये असदखान लारीने बांधली. आत शिरल्यावर आधी लक्ष जातं ते खांबांकडे. काही खांब आधीच्या मंदिरांतले आहेत, हे घडणीवरून लगेच ओळखू येतं. चौकोनी बैठक, वर अष्टकोन, मध्ये कातून गोल केलेले पट्टे, जणू दगड लाकडासारखा चरकावर फिरवलेला. त्यांतल्या दोन खांबांवर नागरी लिपीतले कन्नड लेख आहेत. एक 1199 चा, रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याचा, आणि दुसरा 1261 चा, देवगिरीच्या यादव कृष्णाचा. रट्ट, यादव आणि आदिलशाही एकाच छताखाली उभे आहेत. यातल्या पाडापाडीकडे डोळेझाक करायचं कारण नाही. तशीच, जिंकणाऱ्याने जुना लेख छिलून न टाकता खांबासकट उभा ठेवला, ही गोष्टही नोंदवायला हवी. त्या अक्षरांमुळेच आज या गावाचा आठशे वर्षांचा हिशेब लागतो.

असदखानाचं मूळ नाव खुस्रो, इराणातल्या लारचा. यूसुफ आदिलशाह 1510 मध्ये वारला, त्याच वर्षी पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि गादीवर अल्पवयीन इस्माईल बसला. कारभारी कमालखानाला स्वतःच सुलतान व्हायचं होतं. तेव्हा इस्माईलच्या आईने राजवाडा लढवला. ही बुबूजी खानम मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराची बहीण, असं फरिश्ता लिहितो. तिने कमालखानाचा काटा काढवला. त्याच्या मुलाने वाड्यावर हल्ला चढवला तेव्हा स्वतः शस्त्र घेऊन ती गच्चीवर उभी राहिली. आदिलशाही वाचली ती तिच्या आणि मोजक्या निष्ठावंतांच्या धैर्यामुळे. त्या प्रसंगात साथ देणाऱ्या खुस्रोला असदखान हा किताब मिळाला आणि बेळगावची जहागीर मिळाली.

पुढची जवळजवळ चार दशकं बेळगाव म्हणजे असदखान. गोवा गेल्यामुळे पोर्तुगिजांच्या थेट समोरचं ठाणं आता हेच होतं. त्याची फौज, त्याचे हत्ती-घोडे, त्याच्या मुदपाकखान्यात रोज लागणारं धान्य आणि मांस यांचं वर्णन करताना फरिश्त्याची लेखणी थकत नाही. हत्तीला अंकुशाऐवजी लगाम घालून हाकायचा प्रयोगही त्याने केला म्हणे. इतकं मोठं झाड राजधानीपासून दूर वाढलं की सावलीचीही भीती वाटू लागते. पहिल्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात (1534–1558) दरबारातल्या मंडळींनी सुलतानाचे कान भरले की असदखान शत्रूला मिळणार. 1542 च्या सुमारास अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाह चालून आला, तेव्हा खानाला जहागीर वाचवण्यासाठी काही काळ त्याच्याबरोबर जावं लागलं. संधी मिळताच तो पुन्हा धन्याकडे आला आणि राज्य वाचलं. तरीही मनातली अढी गेली नाही. 1549 मध्ये तो बेळगावातच वारला. सुलतान भेटीला निघाला होता, पण तो पोचण्याआधीच खानाने डोळे मिटले. सुलतानाने घरच्यांचं सांत्वन केलं आणि त्याची अमाप संपत्ती खजिन्यात जमा केली.

त्याचा दर्गा कॅम्प भागात आहे. शिपायांच्या बराकी, जुने बंगले, झाडांनी झाकलेले रस्ते आणि मध्येच ही शांत जागा. आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ उंबऱ्याशी फुलं निवडत बसले होते. कुठून आलात, जेवलात का, अशी त्यांची चौकशी मराठीत सुरू झाली, मध्येच कन्नडमध्ये कोणाला तरी हाक गेली आणि आतल्या माणसाशी बोलणं दखनीत झालं. “इथं सगळेच येतात की ओ, कोण नाही येत असं नाही,” ते म्हणाले. ज्या सेनापतीवर त्याच्या सुलतानाने संशय घेतला, त्याच्यापुढे लोक आज नवस बोलायला येतात.

इब्राहिमच्या काळातली आणखी एक गोष्ट या मुलखाच्या फार उपयोगी पडली. त्याने फारसीत लिहिले जाणारे महसुलाचे हिशेब देशी भाषेत लिहायला लावले आणि ते काम ब्राह्मण कारकुनांकडे दिलं. आदिलशाहीच्या पश्चिम भागात त्यामुळे मोडी लिहिणारे कुलकर्णी, देशपांडे, देसाई हे राज्याचे रोजचे हातपाय झाले. फर्मानाच्या वरच्या अंगाला फारसी आणि खाली मराठी असे कागद या काळातले आहेत. मुधोळचे घोरपडे, सावंतवाडीचे सावंत, म्हसवडचे माने, जतचे डफळे अशी मराठी घराणी याच राज्यात नावारूपाला आली. पुढे ज्यांनी स्वराज्याचा कारभार चालवला त्यांची लिहिण्या-लढण्याची तालीम मोठ्या प्रमाणावर इथलीच. 1565 मध्ये अली आदिलशाहाने बाकीच्या सुलतानांसह विजयनगरचा पाडाव केला. दुसऱ्या इब्राहिमच्या (1580–1627) दरबारात संगीत आणि चित्रकला फुलली. सरस्वती आणि गणपती यांना वंदन करणारी गीतं लिहिणारा हा सुलतान. मग 1656 मध्ये वारलेल्या मुहम्मद आदिलशाहासाठी तो प्रचंड गोलघुमट बांधला गेला. चढाचा हा काळ.

बेळगावहून महामार्गाने काकती, वंटमुरी घाट, हत्तरगी असं उत्तरेकडे येऊन आत वळलं की हुक्केरी लागतं. साधारण 50 किलोमीटरचं अंतर. शेतांत ऊस, बाजारात मिरच्यांचे ढीग, आणि घरांच्या ओळीवरून एकाएकी डोकं वर काढणारे घुमट. हे आदिलशाही काळातले मकबरे. विजापुरी घुमटाची सगळी लक्षणं इथे धाकट्या अंगाने आहेत. चौरस दालन, उंच कमानी, घुमटाच्या बुडाशी फुललेल्या पाकळ्या, कोपऱ्यांवर छोटे मिनार. आत जाऊन भिंतीला तळहात टेकवला तर भर दुपारीही दगड गार लागतो आणि चुन्याच्या गिलाव्यावर जुन्या नक्षीच्या रेषा बोटांना जाणवतात. गावात जमिनीखालून नळांनी पाणी आणायची योजनाही त्याच काळातली. आडबाजूच्या गावात एवढा खर्च करणारी सत्ता स्वतःला इथली समजत होती, हे उघड दिसतं.

मिरज, कोल्हापूर, रायबाग, हुक्केरी ते खाली कारवारपर्यंतच्या या पश्चिम पट्ट्याशी तिसऱ्या जहागीरदाराचं नाव जोडलेलं आहे. तो रुस्तुम-ए-जमान, रणदुल्लाखानाचा मुलगा. रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजांनी कर्नाटकातल्या मोहिमा केल्या होत्या, त्यामुळे भोसल्यांशी या घराचा जुना घरोबा. 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाखाली अफजलखान मारला गेला आणि काही दिवसांतच पन्हाळा शिवाजी महाराजांच्या हाती आला. तेव्हा दरबाराने रुस्तुमला पाठवलं. 28 डिसेंबर 1659 ला कोल्हापुराजवळ लढाई झाली. त्याच्या फौजेचा सपशेल पराभव झाला. हा आतून शिवाजीला सामील आहे, असं त्या काळचे इंग्रज व्यापारी आपल्या पत्रांत लिहीत होते. त्यात तथ्य होतं. बुडत्या दरबाराशी उघड वैर न करता उगवत्या सत्तेशी सलोखा ठेवायचा, अशी त्याची चाल होती. गवान निर्दोष असून मारला गेला, असदखान संशयाखाली राहूनही निष्ठेने जगला, आणि रुस्तुमपर्यंत येईस्तोवर सरदाराचाच दरबारावरचा भरवसा उडालेला होता. आदिलशाहीची उतरण या तीन पायऱ्यांत सांगता येते.

बाकीचं फार लवकर घडलं. 1672 मध्ये दुसरा अली वारला तेव्हा गादीवर चार-पाच वर्षांचा सिकंदर बसला. खवासखान कारभारी झाला. त्याला पठाणांचा पुढारी असलेल्या बहलोलखानाने पकडून मारलं. दख्खनी आणि पठाण एकमेकांवर तलवारी उपसून राहिले. मग सिद्दी मसूदने कारभार चालवून पाहिला आणि तोही कंटाळून बाजूला झाला. ज्या पश्चिम पट्ट्यातून पैसा आणि घोडे यायचे तो शिवाजी महाराजांनी तुकड्या-तुकड्याने घेतला होता. मराठी फौज दक्षिणेच्या मोहिमेहून परतत असताना 1678 मध्ये याच बेळगाव प्रांतात बेलवडीच्या देसाईणीने तिच्याशी लढा दिला. गढीगढीवरचे देसाई आपापल्या बळावर लढू लागले होते, आणि विजापूरचा हात तिथवर पोचत नव्हता. 1685 च्या वसंतात मोगलांनी विजापूरला वेढा घातला. पुढच्या पावसाळ्यात औरंगजेब स्वतः आला. आत दुष्काळ, बाहेर दुष्काळ. 12 सप्टेंबर 1686 ला सिकंदर शरण गेला. उरलेलं आयुष्य कैदेत काढून 1700 मध्ये तो बादशहाच्या छावणीत वारला, तिशी ओलांडली न ओलांडली एवढ्या वयात. बेळगाव शहजादा आजमच्या ताब्यात गेलं आणि त्याचं नाव आजमनगर पडलं. शहरातल्या एका वस्तीला ते नाव आजही आहे. पण मोगलांनाही इथे स्थिर बसता आलं नाही. विजापूर मोडल्यावर मोकळे झालेले शिपाई आणि देशमुख-देसाई सांभाळायची ताकद त्यांच्यात नव्हती, आणि मराठ्यांशी लढता लढता त्यांचं साम्राज्यही याच दख्खनेत खचलं.

हुक्केरीहून संकेश्वराला आलो. हिरण्यकेशीच्या काठी शंकरलिंगाचं जुनं मंदिर आहे. तिथून तवंदी घाट उतरून निपाणी. तंबाखूच्या वखारी, आठवडी बाजार, कन्नड पाटीखाली मराठी बोलणारा दुकानदार. निपाणीचं नाव इतिहासात येतं ते आदिलशाही संपल्यावर, सिद्धोजीराव निपाणकरांमुळे. पेशवाईच्या उत्तरार्धात मोठा झालेला हा देसाई-सरलष्कर. वतन जुन्या सुलतानी काळच्या पद्धतीचं, लढाया पेशव्यांसाठी आणि कोल्हापूरकरांविरुद्ध, आणि शेवटची वर्षं इंग्रजांच्या आश्रयाने. बेळगावचा किल्ला 1818 च्या एप्रिलमध्ये कर्नल मन्रोने घेतला. निपाणीची जहागीर सिद्धोजीरावांच्या मागे खालसा झाली. सुलतान गेले, बादशहा गेला, पेशवा गेला. गावचा हिशेब लिहिणारा कुलकर्णी आणि वसुली करणारा देसाई मात्र प्रत्येक सत्तेला हवा होता.

या वाटेने आल्यावर आमच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. बाहेरचा शत्रू घराणं शेवटी पाडतो, पण त्याआधी ते आतून पोखरलेलं असतं, आणि पोखरण्याची सुरुवात विश्वासू माणसावरच्या अविश्वासापासून होते. गवानने बेळगावच्या तटाखाली सुरुंग लावला, तसाच त्याच्या खाली दरबाराने लावला. दुसऱ्या सुरुंगाने राज्य गेलं. हा धडा कोणा एका धर्माच्या राजांपुरता नाही. संभाजी महाराजांनंतरची फाटाफूट असो की पेशवाईच्या अखेरचा घरभेद, मराठी इतिहासाची पानंही तेच सांगतात.

म्हणून एक कळकळीची विनंती. हा भाग नेहमी सीमावादाच्या बातम्यांतून आपल्यापर्यंत पोचतो. त्या वादात बोलणाऱ्यांनी आणि न बोलणाऱ्यांनीही एकदा हा रस्ता जरूर करावा. बेळगावला एक रात्र मुक्काम करा, सकाळी किल्ला आणि साफा मशीद पाहा, परवानगी लागते का ते आधी विचारा, दुपारी कुंदा घेऊन हुक्केरीकडे निघा. निपाणी आणि बेळगावातल्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही माध्यमांच्या शाळांनी मुलांना साफा मशिदीतल्या त्या दोन खांबांपाशी नेऊन लेख वाचून दाखवावेत. हुक्केरीच्या घुमटांभोवतीचा पालापाचोळा नियमित निघावा, गळती थांबावी, कोण कुठे पुरलं आहे त्याची नीट पाटी लागावी. दोनशे वर्षांच्या राज्याचा उदय-अस्त सांगणारी ही साधनं आपल्या उंबऱ्याशी आहेत. ती जपायला विजापूरच्या सुलतानाची परवानगी आता लागत नाही, आपली इच्छा पुरे.